पंचांगांतलीं फुलें

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक चमत्कारिक तंटा उपस्थित झाला. उपम्यांत घालावयास मटार हवे म्हणून पत्नीनें फ्रीजचा बर्फाचा कप्पा उघडला, तों मटारांच्या पिशव्या एका कोपऱ्यांत दडपलेल्या आणि त्यांच्या जागीं प्लॅस्टिकमध्यें घट्ट गुंडाळलेला एक भला थोरला आल्बम आडवा पडलेला! त्या वेष्टनांतूनहि वरचीं वळणदार अक्षरें स्पष्ट वाचतां येत होतीं : ‘आईचीं फुलें’. अक्षर माझें होतें. तेव्हां अपराधी कोण याविषयीं पत्नीला क्षणभरहि शंका वाटली नाहीं, हें तिच्या बाजूनें न्यायाचेंच झालें.

“तुमचीं पुस्तकं कपाटांत मावेनाशीं झालीं, तीं पलंगाखालीं गेलीं, तरी मी कांहीं बोललें नाहीं,” ती म्हणाली. “पण आतां तीं मटारांतहि शिरणार असतील, तर एकदां काय तें ठरवूं या.”

मी सर्वस्वीं निर्दोष होतों. खरा गुन्हेगार माझ्याच मागें उभा राहून शांतपणें चहा पीत होता. आमची कन्या वनस्पतिशास्त्राच्या एम्. एस्सी.च्या वर्गांत आहे, आणि आदल्या रात्रीं तिनें माझा आल्बम उघडून पाहिला होता. पानापानांवर तपकिरी भुकटी सांडलेली, पाकळ्यांना टांचणीनें टोचावें तशीं भोंकें पडलेलीं, आणि एका गुलाबाच्या पोटांत तिळाएवढा एक किडा सुखानें नांदत असलेला तिला दिसला. अशा किड्यांवर थंडीसारखा दुसरा साधा उपाय नाहीं म्हणे. आल्बम हवाबंद गुंडाळावयाचा, आठवडा दोन आठवडे गोठवावयाचा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीइतका ऊबदार होईपर्यंत वेष्टन सोडावयाचें नाहीं. नाहीं तर हवेंतलें पाणी फुलांवरच जमतें. पूर्वीं मोठमोठ्या संग्रहालयांतूनसुद्धां वाळलेल्या वनस्पतींना पाऱ्याचें विषारी द्रावण फांसून ठेवीत, आणि तीं पानें हाताळणाऱ्या विद्वानांच्या बोटांनाहि तें विष लागे. आमच्या आजीच्या काळीं वेखंडाचा तुकडा आणि कडुनिंबाचा पाला चाले. मी आपला दोन डांबराच्या गोळ्या टाकून चौदा वर्षें निश्चिंत होतों.

वास्तविक फूल पुस्तकांत ठेवणें ही कांहीं शास्त्रज्ञांचीच मिरास नव्हे. आपल्यापैकीं असा कोण आहे, कीं ज्यानें शाळेंत असतांना पिंपळाचें पान वहींत ठेवून त्याची जाळी होण्याची वाट पाहिली नाहीं? मोरपिसाला पिलें होतात या श्रद्धेनें मीं तर एक पीस तब्बल दोन वर्षें भूगोलाच्या पुस्तकांत सांभाळलें होतें. केवड्याचें पात कोशांत, बकुळीचीं फुलें कपड्यांच्या घडींत, हें आपल्याकडे घरोघर चालत आलें आहे. पण त्यांत हेतु वासाचा असतो, नाहीं तर गंमतीचा. फूल टिकावें आणि तें कोणतें हें पुढेंहि कळावें, असा हेतु त्यांत क्वचितच असतो.

माझ्या आईचा होता कीं काय, हें मला आज सांगतां येत नाहीं.

वाईला मधल्या आळींत आमचें घर होतें. वडील गेल्यावर आई तेथें एकटीच राही, आणि पुण्यास ये म्हटलें कीं “परड्यांतला प्राजक्त कोण वेंचील?” असें विचारून मला निरुत्तर करी. तिची फुलें दाबण्याची रीत मीं लहानपणापासून पाहिली होती. फूल सकाळचें, पण दंव उडाल्यावरचें घ्यावयाचें. वर्तमानपत्राच्या दोन तुकड्यांमध्यें तें पसरून ठेवावयाचें, तें बाड पंचांगांत घालावयाचें, आणि पंचांगावर तांदळाचा डबा. दुसऱ्या दिवशीं कागद बदलावयाचे, तिसऱ्या दिवशीं पुन्हां; पावसाळ्यांत फूल वाळेनासें झालें तर कागद विस्तवाशीं धरून कोरडे करावयाचे. आठदहा दिवसांनीं कागद निघून जात आणि फूल तेवढें पंचांगांत राही. पाडव्याला नवें पंचांग खुंटीवर चढलें, कीं जुनें आपल्या पोटांतल्या फुलांसह माळ्यावरच्या ट्रंकेंत जाऊन पडे. एवढाच काय तो विधि. ती कोणाला तीं फुलें दाखवीत नसे, आणि आम्हीहि कधीं तीं पाहावयास मागितलीं नाहींत.

ती २०११ सालीं वारली. दिवाळीच्या सुटींत मी घर आवरावयास वाईस गेलों आणि ट्रंक उघडली. तेवीस पंचांगें निघालीं! पहिलेंच हातीं घेतलें, तर त्यांतून अबोलीचें एक फूल गळून माझ्या मांडीवर पडलें. मला गहिंवरून आलें, हें मी कबूल करतों. आणि गहिंवरलेल्या मनुष्यानें कोणतेंहि काम त्याच दिवशीं हातीं घेऊं नये, हेंहि आतां मला कळतें. मीं ठरविलें कीं आईच्या या ठेव्याची नीट व्यवस्था लावावयाची. तीन दिवस मी ओटीवर बसून एकेक पंचांग उघडीत होतों, फुलें चिमट्यानें उचलीत होतों, आणि रिकामें पंचांग उजव्या हाताला टाकीत होतों. एकंदर १०७ फुलें भरलीं. पंचांगांचें काय करावयाचें हा प्रश्न मला पडलाच नाहीं. गेल्या वर्षाचें पंचांग यापरता निरुपयोगी पदार्थ आपल्या समाजांत दुसरा कोणता? तीं वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दींत गेलीं.

मग पुण्यास येऊन मीं आल्बम सजविला. इंग्रजी काव्य शिकविणारा मनुष्य मी. वर्गीकरणाचा प्रश्न मीं काव्यदृष्टीनें सोडविला. आरंभीं पांढरीं, नंतर पिवळीं, मग केशरी, तांबडीं, निळीं, असा तो रंगांचा चढता आलाप होता. आतां वाळलेलें फूल आपला रंग किती राखतें, हें मला कोठें ठाऊक? सोनकी तेवढी पिवळी ती पिवळीच राहते. प्राजक्ताचा देंठ आपली केशर सोडीत नाहीं, पण पाकळ्या चहाच्या रंगाच्या होतात. मोगरा तपकिरी पडतो, सोनचाफा काळवंडतो, लाल गुलाब जांभळट काळा होतो, आणि निळ्याजांभळ्या फुलांवर तर मुळींच भरंवसा ठेवूं नये. म्हणजे फुलांच्या रंगांप्रमाणें नव्हे, तर रंग उडाल्यावर जें उरलें होतें त्याप्रमाणें मीं तीं लावलीं! शिवाय चिकटविलीं तीं सेलोटेपनें. त्या पट्टीचा चीक कालांतरानें पिवळा होऊन बाहेर येतो आणि फूल, पट्टी व कागद यांचा एकच चिवट थर बनतो. पुढें तो आल्बम दिवाणखान्यांत, खिडकीपाशीं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा बेतानें मांडला. उजेडानें राहिलेलें काम पुरें केलें. पण येणारेजाणारे वाहवा करीत, आणि मी ती संकोचून स्वीकारीत असें.

हा सारा इतिहास कन्येनें श्रावणांतल्या त्या सकाळीं माझ्याकडून वदवून घेतला. दोन आठवड्यांनीं आल्बम बर्फांतून बाहेर आला, आणि ती कागदाच्या बारीक पट्ट्या, टांचणी व भिंग घेऊन शस्त्रक्रियेला बसली. जीं फुलें सुटण्यासारखीं होतीं तीं तिनें सोडविलीं, गळलेल्या पाकळ्यांसाठीं कागदाच्या चिमुकल्या पुड्या केल्या. प्रत्येक फुलाला तिनें स्वतंत्र, सुटा कागद दिला. मीं विचारलें, वहीच कां नको? तेव्हां कळलें कीं युरोपांतहि सोळाव्या शतकापासून वाळलेल्या वनस्पति बांधीव ग्रंथांतच चिकटवीत असत. लिनीअसनें मात्र त्या सुट्या पानांवर लावून कपाटांत रचाव्या असा आग्रह धरला, आणि १७५१ सालच्या आपल्या ग्रंथांत तशा कपाटाचें वर्णनहि दिलें. कारण नवें रोप सांपडलें, जुन्याची ओळख चुकली, तर पान उचलून दुसरीकडे ठेवतां आलें पाहिजे. मला आमच्या आजीची पोथी आठवली. सुटीं पानें, वर खालीं दोन फळ्या, आणि भोंवतीं आवळून बांधलेला रुमाल. वनस्पति दाबण्याची फळ्यापट्ट्यांची जी चौकट कन्या रानांत घेऊन जाते, ती म्हणजे थेट तो पोथीचा दप्तररुमालच! हें मीं तिला मोठ्या उत्साहानें सांगितलें. ती “हं” म्हणाली. तिचें लक्ष भिंगांत होतें.

“हें कुठलं, बाबा?”

“वाईचंच असेल.”

“असेल म्हणजे? परड्यांतलं, नदीकांठचं, कीं डोंगरावरचं? आणि कधीचं?”

“आजी होती तेव्हांचं.”

तिनें भिंग खालीं ठेवलें. “बाबा, नांव मी फुलाला पाहून केव्हांहि लावीन. पण कुठलं आणि कधीचं हें फूल स्वतः सांगत नाहीं. तें ज्यानं तोडलं त्यालाच सांगावं लागतं.”

मीं वादासाठीं शस्त्र उपसलें. तें माझ्या विषयांतलेंच होतें. एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीनें शाळकरी वयांत वाळलेल्या फुलांचें एक पुस्तक तयार केलें होतें. ६६ पानांवर ४२४ नमुने! तें आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे, आणि इतकें नाजूक झालें आहे कीं अभ्यासकांनाहि त्याच्या प्रतिकृतीवरच समाधान मानावें लागतें. पहिल्याच पानावर आपल्या जाईच्या गोतांतलें फूल आहे. पुढें कोणत्या फुलाजवळ कोणतें, यांत शास्त्राचा क्रम पाळलेला नाहीं. डोळ्याला जें साजलें तें तिनें मांडलें. मग मीं रंगांनीं फुलें लावलीं तर काय बिघडलें?

“तिनं तीं स्वतः तोडलीं होतीं,” कन्या म्हणाली. “तिला सारं ठाऊक होतं. आणि तरी नांवांच्या चिठ्ठ्या तिनं चिकटवल्याच ना? तुम्ही दुसऱ्याचीं फुलं लावलींत.”

एवढ्यावरच तिनें सोडलें नाहीं. बॉस्टनच्या आर्नल्ड वनस्पति-उद्यानांत शंभर वर्षांत जमलेले वाळके नमुने कांहीं संशोधकांनीं तपासले, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा आजच्या फुलण्याशीं ताडून पाहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं तीं झाडें ज्या सुमारास फुलत, त्याच्या सरासरी आठ दिवस आधीं तीं शतकाच्या अखेरीस फुलूं लागलीं होतीं, असें त्यांना आढळलें. हवा तापत चालल्याचा हा पुरावा २००४ सालीं प्रसिद्ध झाला. तो कोठून निघाला? कपाटांत पडून राहिलेल्या चिठ्ठ्यांतून. “आजीनं नुसती तारीख घातली असती ना, बाबा!” ती हळहळली.

आणि त्या क्षणीं माझ्या अंगावर सर्रकन् कांटा आला. कारण आईनें तारीख घातली होती.

तिनें तीं फुलें पोथींत ठेवलीं नव्हतीं, कोशांत ठेवलीं नव्हतीं. पंचांगांत ठेवलीं होतीं! ज्या पक्षांत फूल मिळालें त्याच पक्षाच्या पानांत. ओटीवर बसून तीं उचलतांना मीं तें पाहिलें होतें. मुखपृष्ठावर शक छापलेला, पानाच्या माथ्यावर मास आणि पक्ष, आणि समासांत आईच्या पेन्सिलीचें बारीक अक्षर : दुधाचा खाडा, गॅस आला, कोणाचें बारसें, नदीला पाणी किती. प्राजक्त आश्विनांत होता, सोनकी भाद्रपदांत होती. त्या वेळीं माझ्या मनांत एवढेंच आलें होतें, कीं आईला खुणेसाठीं दुसरा कागद मिळाला नसेल. तेवीस वर्षें प्रत्येक फुलाला छापील चिठ्ठी लागलेली होती, आणि मीं फुलें ठेवून चिठ्ठ्या रद्दीवाल्याला दिल्या.

दोन दिवस मी हें कोणाला बोललों नाहीं. विद्यार्थ्यांना संदर्भ सोडून अवतरण घेऊं नका असें सांगण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं, त्याला हें आपल्या मुलीपुढें उच्चारणें जड गेलें. तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर सांगितलें. ती रागावेल अशी माझी अपेक्षा होती. रागावती तर बरें झालें असतें. तिनें फक्त विचारलें, “किती होतीं?”

“तेवीस.”

“ओळीनं तेवीस वर्षं?” ती म्हणाली, आणि उठून भांडीं आवरावयास गेली.

त्यानंतर गणपतींत मी मिरजेला मावशीकडे गेलों होतों. बोलतां बोलतां फुलांची गोष्ट निघाली, म्हणजे मींच ती काढली. मनाला लागलेली गोष्ट मनुष्य कोठेंहि काढतोच. मावशी ऐकत होती. मधेंच म्हणाली, “अरे, तुझ्या आईचं एक पंचांग माझ्याकडेच राहिलंय कीं! आमच्या नातवाची पत्रिका करायची होती, त्या सालचं पंचांग कुठं मिळेना, म्हणून मींच तिच्याकडून आणवलं होतं. परत द्यायचं राहून गेलं, आणि मग ती—” पुढचें वाक्य तिनें पुरें केलें नाहीं. देव्हाऱ्याच्या खालच्या खणांतून तिनें तें काढून दिलें. शके १९३०. म्हणजे २००८ च्या पाडव्यापासूनचें.

मीं तें तेथेंच, तिच्यापुढें उघडलें. त्यांत दोनच फुलें होतीं. वैशाखांत मोगऱ्याचीं गळून पडलेलीं तपकिरी दलें. आणि भाद्रपद वद्य पक्षाच्या पानावर कारवी.

कारवी ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांना एवढें सांगावयास हवें, कीं सह्याद्रीच्या उतारांवर हें झुडूप वर्षानुवर्षें नुसत्या पानांनीं उभें असतें. त्याच्या काटक्यांच्या कुडाच्या भिंती होतात; त्यापलीकडे त्याची कोणी दखल घेत नाहीं. मग सात वर्षांनीं, कोठें आठाव्या वर्षीं, एका डोंगरावरची सारी कारवी एकदम फुलते, मधमाशा लोटतात, आणि बी धरून तीं झुडुपें मरून जातात. शेजारच्या डोंगराचें वर्ष निराळेंहि असूं शकतें. त्या वर्षीं पसरणीच्या घाटांत कारवी आली आहे असें आईला कोणीसें सांगितलें होतें, आणि गौरीगणपतीला मी घरीं गेलों तेव्हां तिनें ती पाहण्याची इच्छा बोलून दाखविली होती. मीं म्हटलें, “पुढच्या पंधरवड्यांत रविवारीं गाडी घेऊन येतों.” त्या रविवारच्या आधीं कॉलेजांत कसलीशी तपासणी समिति येण्याचें निघालें. मीं फोन केला. “आई, कारवी कांहीं पळून जात नाहीं. पुन्हां फुलेल तेव्हां जाऊं.” ती हंसली. “पुन्हां म्हणजे सात वर्षांनीं रे, बाळ,” म्हणाली. हें संभाषण मी पार विसरून गेलों होतों.

फुलाचा रंग संपूर्ण गेला होता. शेंदाडीच्या वाळल्या सालीसारखें तें दिसत होतें. आल्बमांत असतें तर मीं तें खचित तपकिरी फुलांत लावलें असतें. त्याचा डाग दोन तिथींवर उतरला होता, आणि समोरच्या पानावर त्याची पुसटशी आकृति उठली होती. डागाच्या शेजारीं, रविवारच्या ओळीसमोर, पेन्सिलीनें लिहिलें होतें :

‘एस. टी. नें गेलें. घाट जांभळा. ५ ला परत.’

आणि त्याच्या खालच्याच ओळींत, ‘दूध अर्धा लि. जास्त’.

मावशीनें चष्मा लावून तें वाचलें. “आम्हांला नाहीं बोलली कधीं,” ती म्हणाली. “एकटीच गेली असेल.”

पुण्यास आल्यावर मीं तें पंचांग कन्येच्या हातीं दिलें. तिनें बराच वेळ तें वाचलें, दुधाच्या नोंदींसकट. मग आपल्या कामाचा एक छापील कागद काढून ती भरूं लागली. नांव, कुल, ठिकाण : पसरणी घाट, वाई. दिनांक : तिनें पंचांगांतून मोजून काढला, २१ सप्टेंबर २००८. शेवटच्या रकान्यावर तिची लेखणी थांबली, आणि तो कागद तिनें माझ्यापुढें सरकविला. रकाना होता ‘संग्राहक’. मीं आईचें संपूर्ण नांव लिहिलें. बोरूनें नव्हे, साध्या पेन्सिलीनें, कारण शाई पसरते असें मला आतां शिकविण्यांत आलें आहे.

आल्बमांतल्या एकशें सात फुलांपैकीं अठ्याऐंशीं वांचलीं. त्यांनाहि तिनें असेच कागद लावले आहेत. ‘ठिकाण’ या रकान्यांत तिनें ‘बहुधा वाई’ असें लिहिलें आहे, आणि ‘दिनांक’ या रकान्यांत ‘२०११ पूर्वीं’. तीं आतां खिडकीपाशीं नाहींत. कपाटाच्या खालच्या कोरड्या खणांत, आडवीं, अंधारांत आहेत.

“हें फूल काढून लावायचं ना सुट्या कागदावर?” मीं कारवीकडे बोट दाखवून विचारलें.

“काढायचं नाहीं,” ती म्हणाली. “पण किडे असतील. पंचांग आधीं गोठवायला हवं.”

पत्नी स्वयंपाकघरांतून हें ऐकत होती. फ्रीजचें दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मटारांच्या पिशव्या बाजूला सारल्याचा.